नोंदीतले सहाशे बारा

फेब्रुवारी २०२० च्या शेवटच्या रविवारी छत्रपती संभाजीनगरच्या पडेगाव भागातल्या कबड्डीच्या बंदिस्त मैदानात एकूण १,२४० खुर्च्या होत्या. त्यातल्या ३११ खुर्च्यांना पाठ नव्हती. ४६ खुर्च्यांना बसायची जागाच नव्हती, नुसते पाय होते. उरलेल्या ८८३ खुर्च्या बसण्यायोग्य होत्या आणि त्यांच्यावर २३ प्रेक्षक बसलेले होते. खेळाडूंचे नातेवाईक ११, राखीव खेळाडूंचे मित्र ५, एकमेकांना शेंगदाणे विकणारे ३, शेजारच्या मंगल कार्यालयात जायचं सोडून चुकून इकडे आलेले २, दरवान कडुबामामा १ आणि मी १. मी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदाही २३ च आले.

सामन्याच्या अधिकृत अहवालात ५२३ लिहिलं गेलं.

मी तेव्हा संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून कबड्डी संघटनेत सांख्यिकी सहायक म्हणून नुकतीच लागले होते. संघटनेचे सचिव काकासाहेब शेजूळ बावीस वर्षं त्याच खुर्चीवर होते. त्या खुर्चीला पाठ होती.

"काकासाहेब, मी तेवीस मोजले होते," मी म्हणाले.

"मग? तेवीस खोडले का मी?" त्यांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. "बघ. दोन हाय, तीन हाय. तुझ्या आकड्याला मी हात लावला नाय. फक्त त्याच्या आधी पाच लिवला."

मी तपासलं. दोन आणि तीन खरोखरच जागच्या जागी होते.

या पद्धतीला संघटनेत 'ढोबळ मोजणी' म्हणत. तिचं कारण व्यावसायिक लीगच्या नियमावलीत होतं. नियम १४ असा: ज्या सामन्यास किमान पाचशे प्रेक्षकांची नोंद आहे तोच सामना व्यावसायिक समजण्यात येईल, अन्यथा तो सराव समजण्यात येईल. आमच्या 'देवगिरी धडक' संघाचे घरच्या मैदानावर हंगामात दहा सामने असत. फेब्रुवारीअखेर सात झाले होते आणि ढोबळ मोजणीमुळे सातही व्यावसायिक होते.

मार्चमध्ये सगळं बंद झालं.

संघटनेवर काय परिणाम झाला, त्याचा अहवाल मी तयार केला. तिकीट दहा रुपये होतं आणि नातेवाईक, मित्र, विक्रेते व कर्मचारी यांना माफ होतं. म्हणजे तिकीट काढणारे फक्त दोघे असत, मंगल कार्यालयाचा रस्ता चुकलेले. त्यामुळे प्रत्येक सामन्याचं उत्पन्न वीस रुपयांवरून शून्यावर आलं. काकासाहेबांनी मदतीच्या अर्जात रुपये लिहिले नाहीत, टक्के लिहिले. उत्पन्नात शंभर टक्के घट. अर्ज वाचून लीगच्या अध्यक्षांनी फोनवर दुःख व्यक्त केलं.

खरं नुकसान एकाच माणसाचं होणार होतं. संघपाल आमचा मुख्य चढाईपटू. एका हंगामात घरच्या मैदानावर दहा व्यावसायिक सामने खेळल्याचं प्रमाणपत्र असलं, तर खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या सरकारी जागेवर त्याची निवड होणार होती. परीक्षा तो पास झाला होता. कागदपत्रं पूर्ण होती. तीन सामने तेवढे कमी होते आणि वयाची अट ३० एप्रिल २०२२ ला संपत होती. त्याची आई मनकर्णाबाई एका वसतिगृहात पोळ्या लाटायची. संघपाल पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हापासून तिने घरचा एकही सामना चुकवला नव्हता. माझ्या मोजणीतल्या ११ नातेवाइकांतली पहिली तीच.

"ताई, हंगाम संपला असं कुणी म्हणलं का?" संघपाल दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारायचा.

"अजून नाही."

"मग चालू हाय म्हणायचा."

तो चालूच होता. लीगने हंगाम संपल्याचं कधीच जाहीर केलं नाही, कारण ते जाहीर करायला सभा घ्यावी लागली असती आणि सभेला बंदी होती.

जानेवारी २०२१ मध्ये लीगचं पत्र आलं, की नियम १४ पाळून आठवा सामना घ्यावा. त्याच दिवशी प्रशासनाचा आदेशही आला. मैदानात एकही प्रेक्षक हजर राहू नये. मी दोन्ही कागद काकासाहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकात पाचशे होते, एकात शून्य.

"आता?" मी विचारलं.

काकासाहेबांनी आधी नेहमीचा उपाय करून पाहिला. शून्याच्या आधी पाच लिहिला. पन्नास झाले. पद्धत अपुरी पडत होती. मग त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही कागद पुन्हा वाचले, बोट ठेवून, एकेक शब्द.

"तनुजा, आदेश काय म्हणतो? प्रेक्षक हजर राहू नये. नियम काय म्हणतो? प्रेक्षकांची नोंद पाहिजे. बराबर?"

"बरोबर."

"मग ह्यात भांडण कुठंय? हजर राहायचं नाय. नोंद ठेवायची. दोघंबी खुश."

मी बराच वेळ विचार केला. तर्कात चूक सापडली नाही.

आता पाचशेहून जास्त माणसांची नावं आणि मोबाइल नंबर हवे होते. ते आयतेच मिळाले. प्रेक्षकांना बंदी झाल्याचं कळताच 'कबड्डी आमचा श्वास' या व्हॉट्सॲप ग्रुपने निषेधाचं निवेदन दिलं होतं. 'प्रेक्षकांविना कबड्डी म्हणजे प्राणाविना देह. आमचा सामना पाहण्याचा हक्क कोणी हिरावू शकत नाही.' खाली ६१२ सह्या, नंबरांसकट. पहिली सही ग्रुपचे अध्यक्ष गोकुळशेठ यांची. ते मूळचे कन्नड तालुक्यातले, पडेगावात त्यांचं हॉटेल होतं. मी ६१२ नावं माझ्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. आधीच्या सात सामन्यांना यातला एकही माणूस आलेला नव्हता.

"बिचारे," काकासाहेब म्हणाले. "आता तरी नोंद होईल त्यांची."

सामना झाला. मैदानात खेळाडू, पंच, कडुबामामा आणि मी एवढेच होतो. कर्मचारी प्रेक्षकांत धरायचे नाहीत, असं आदेशात स्पष्ट होतं. खेळाडूंनी प्रत्येक चढाईआधी हाताला जंतुनाशक लावायचं होतं. संघटनेने स्वस्तातलं घेतलं होतं, ते जेलीसारखं होतं आणि वाळत नसे. संघपाल सहा जणांच्या हातातून साबणाच्या वडीसारखा निसटला आणि त्याचे गुण सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांनी वाढले. त्याचा 'कबड्डी कबड्डी' रिकाम्या मैदानाच्या पत्र्यांवर आपटून परत यायचा. दोनदा पंचांना वाटलं, की आत दोघं शिरलेत.

प्रवेशद्वारावरचं रजिस्टर कडुबामामांकडे होतं. नाव, नंबर, शरीराचं तापमान. सहाशे बारा नावांपुढे त्यांनी एकाच निळ्या शाईत तापमान लिहिलं होतं. ९७.४. सगळ्यांचं.

"मामा, सगळ्यांचं सारखंच?"

"मशिनीचा सेल गेला तवा त्येच्यावर सत्त्याण्णव पॉइंट चार होतं, ताई. मशीन तिथंच थांबली. मी म्हनलं, मशिनीच्या फुडं आपन कोन जायचं?"

आठ दिवसांनी लीगकडून रजिस्टर परत आलं. शेरा होता: 'सर्व प्रेक्षकांचे तापमान एकसमान आहे. नैसर्गिक नोंदी सादर कराव्यात.'

काकासाहेबांनी मला बोलावलं. "तुझं शिक्षण ह्याच्यासाठीच झालंय. ह्ये आकडे माणसासारखे कर."

मी नकार द्यायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण बाहेरच्या बाकावर संघपाल हातात कागदांची पिशवी घेऊन बसला होता. आणि खरं सांगायचं तर मला त्या रजिस्टरचा त्रास होत होता. सहाशे बारा माणसं आणि फरक शून्य. संख्याशास्त्राच्या माणसाला असं रजिस्टर पाहिलं की शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेल्यासारखं होतं.

मी ते काम मन लावून केलं. निरोगी माणसांची सरासरी ९७.६ धरली, सरासरीपासूनचा फरक साधारण ०.६, आणि संगणकाकडून ६१२ आकडे काढून घेतले. आलेख काढला. मधोमध उंच, दोन्हीकडे उतार. इतका देखणा घंटेसारखा आलेख मला परीक्षेतही आला नव्हता.

एकच गोष्ट राहिली होती. अशा आलेखाला दोन टोकं असतात. गणित म्हणतं, की ६१२ माणसांत साधारण चार जण ९९.१ च्या वर जाणारच. मोजले, तर चारच होते. काकासाहेबांनी ते पाहून विचारलं, "हे चौघं काढून टाकायचे का?"

"नाही," मी म्हणाले. "टोकं कापणं हा अप्रामाणिकपणा आहे."

लीगने रजिस्टर लगेच मंजूर केलं. वर 'नोंदी अनुकरणीय आहेत' असा शेरा दिला. नियमाप्रमाणे एक प्रत आरोग्य पथकाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य पथकाच्या लीलाबाई स्कूटीवरून आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, हातात रजिस्टरची प्रत. चार नावांभोवती लाल गोल.

"चार जणांना ताप आहे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "आणि मला आधी हे सांगा, बंदी असताना सहाशे बारा माणसं आत आली कशी?"

"आली नाहीत," काकासाहेब म्हणाले.

"मग ताप कुणाला आला?"

"नोंदीत आलाय."

लीलाबाईंनी काचेआडून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं सगळं. पण त्या खुर्ची ओढून बसल्या.

"हे बघा दादा, मला नोंदीशीच काम आहे. माणसाला ताप असला आणि नोंद नसली, तर मला काही करता येत नाही. इथं नोंद आहे. माणसाचं बघू मागून. फोन लावा."

पहिला फोन गोकुळशेठना लागला. ९९.५, सगळ्यात जास्त त्यांनाच होता. लीलाबाईंनी स्पीकर चालू केला.

"गोकुळशेठ बोलताय का? तुम्ही मागच्या कबड्डीच्या सामन्याला होता का?"

पलीकडे हॉटेलातल्या कपबशा वाजत होत्या आणि चार माणसं ऐकत असावीत, कारण गोकुळशेठचा आवाज मोठा झाला.

"होतो का म्हंजे? बाई, गोकुळशेठ नाय असा सामना होतो का पडेगावात? बंदी-फिंदी आपल्याला नाय. पहिल्या रांगेत होतो. संघपालची शेवटची चढाई बघितली का? काय पोरगं हाय."

"किती वेळ होता?"

"शिट्टीपासून शिट्टीपर्यंत."

"कुणाकुणाच्या शेजारी बसला होता?"

"अवो, गर्दी इतकी, माणूस वळखू येना."

लीलाबाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. तुम्हाला ताप होता. चौदा दिवस घराबाहेर पडू नका. हॉटेलला पत्रे लावायला माणसं निघालीत."

कपबशांचा आवाज थांबला.

"बाई," गोकुळशेठ म्हणाले. आवाज आता अगदी लहान होता. "मी म्हंजे मनानं होतो तिथं."

"मनाचा रकाना नाही माझ्याकडे," लीलाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "चौघांच्या आजूबाजूला कोण बसलं होतं, त्याचा नकाशा द्या."

मी नकाशा दिला. तिघांच्या भोवती प्रत्येकी आठ खुर्च्या. गोकुळशेठ पहिल्या रांगेत असल्यामुळे त्यांच्या पुढे कुणी नव्हतं, म्हणून पाच. एकूण २९ निकटचे संपर्क. उरलेले ५७९ दूरचे. सगळ्यांना संदेश गेले: आपण बाधितासोबत सामना पाहिला आहे, घरीच थांबावे.

दुपारपर्यंत संघटनेच्या दारात रांग लागली. सामन्याच्या दिवशी असती, तर मी ती आनंदाने मोजली असती. प्रत्येकाचं म्हणणं एकच. मी सामन्याला नव्हतो. मी कधीच नसतो. आमच्या घरात कुणी कबड्डी बघत नाही.

"मग निवेदनावर सही?" काकासाहेबांनी एकाला विचारलं.

"ते तत्त्वासाठी केलती."

काकासाहेबांनी तोडगा काढला. ज्यांना आपण नव्हतो असं म्हणायचं आहे त्यांना अनुपस्थिती प्रमाणपत्र मिळेल. अट एवढीच, की सामन्याला प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या दोन व्यक्तींनी 'सदर इसम आम्हाला दिसला नाही' असं लिहून द्यावं. खेळाडू आणि पंच खेळाकडे बघत होते, त्यामुळे अशा व्यक्ती दोनच उरल्या, कडुबामामा आणि मी.

मी पटकन वजाबाकी केली आणि काकासाहेबांना बाजूला घेतलं. "सहाशे बारामधून एकशे बाराच कमी करता येतील. एकशे तेरावं दिलं, की चारशे नव्व्याण्णव उरतात. संघपालचा सामना जाईल."

म्हणून कोटा ठरला, एकशे बारा. त्यात ज्येष्ठ नागरिकांना वीस, मधुमेह असलेल्यांना वीस, लग्न ठरलेल्यांना दहा आणि शिफारसपत्र आणणाऱ्यांना बासष्ट जागा. गोकुळशेठनी मुलाला तीन शिफारसपत्रं घेऊन पाठवलं, पण त्यांचा अर्ज बाद झाला. ते हजर असल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं होतं आणि ते लीलाबाईंच्या वहीत होतं.

कडुबामामा तीन दिवस बसून लिहीत होते. सदर इसम मला दिसला नाही. सदर इसम मला दिसला नाही. एकशे बारा वेळा. त्या सगळ्या प्रकरणात लिहिलं गेलेलं खरं वाक्य तेवढंच.

उरलेल्या पाचशेंनी चौदा दिवस घरी काढले. त्या वर्षी घरी थांबणं कुणालाच नवं नव्हतं, त्यामुळे फरक कुणाच्या लक्षात आला नाही. आठवा सामना ५०० प्रेक्षकांसह व्यावसायिक ठरला.

नववा सामना त्या वर्षीच्या नोव्हेंबरात झाला. आता नवा आदेश होता. निम्म्या क्षमतेने प्रेक्षकांना परवानगी, लसीचे दोन्ही डोस आवश्यक. निम्मी क्षमता कशाची, यावर मी टिपण लिहिलं. बसण्यायोग्य ८८३ धरल्या, तर निम्म्या ४४१ होतात आणि पाचशेचा नियम मोडतो. म्हणून काकासाहेबांनी पाठ नसलेल्या आणि नुसते पाय असलेल्या खुर्च्याही पुन्हा क्षमतेत घेतल्या. १,२४० च्या निम्म्या ६२०. त्यातल्या ५०० नोंदीतल्या प्रेक्षकांना दिल्या.

"या वेळी खरे पाचशे बोलावून बघायचे का?" मी विचारलं.

"आले तर ठीक," काकासाहेब म्हणाले. "नाय आले तर? पोराच्या नोकरीशी खेळायचं का?"

उरलेल्या १२० मान्यवरांसाठी राखीव ठेवल्या. दारावर कडुबामामांनी पाटी लावली, 'हाऊसफुल्ल'. मैदानाच्या इतिहासात ती पाटी पहिल्यांदा लागली होती. तिच्यावरची धूळ पुसायला दोन फडकी लागली.

साडेचार वाजता मनकर्णाबाई आली. धुवट साडी, तोंडाला पदर आणि पदरावर मास्क, हातात लसीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. पावणेदोन वर्षांनी पोराचा सामना बघायला आली होती.

"जय भीम, कडुबादादा."

"जय भीम, आक्का." कडुबामामांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आक्का, जागा नाय. समदी भरलीय."

मनकर्णाबाईने त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं. आत १,२४० खुर्च्या होत्या आणि पंख्याचा आवाज होता.

"कोन बसलंय, दादा?"

"पाचशे लोकं हायेत. आनि एकशे वीस मान्यवर."

"दिसंनात ते."

"नोंदीत हायेत."

तिने प्लास्टिकची पिशवी पुढे केली. "माझा कागद बघ की. दोन्ही सुया घेतल्यात. दुसरीच्या वेळी दोन दिवस अंगात कणकण होती, तरी पोळ्या लाटायला गेले." मग ती पायरीवर बसली. "नसंल जागा तर मी हितंच बसते. त्याचा आवाज तर येईल."

आत सामन्याआधी संघपाल माझ्याकडे आला. "ताई, माय आली का?"

"बाहेर आहे. जागा नाही म्हणून सांगितलं."

त्याने रिकाम्या मैदानावरून एक नजर फिरवली. "ताई, एक विचारू? लोकं नव्हती, तरी मी खेळलो ना? चढाया तर खऱ्या हायेत ना?"

"खऱ्या आहेत. मी मोजल्यात."

"मग खोटं नेमकं काय हाय ह्यात?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते ६१२ पानी होतं. मी दाराकडे गेले. कडुबामामा रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते आणि पानं उलटत होते.

"मामा, यांना आत सोडा."

"सोडतो की. पन सहाशे एकवीस हुतील. मग मलाच नोटीस." त्यांचं बोट पहिल्या पानावर थांबलं. "ताई, गोकुळशेठ हायेत का आज?"

"नोंदीत आहेत. प्रत्यक्ष नाहीत."

"मग झालं की." ते उठले आणि त्यांनी दार उघडलं. "आक्का, चला. आज तुमी गोकुळशेठ. पहिली रांग, चौथी खुर्ची. कुनी विचारलं तर मास्क काढू नका."

"कोन विचारनार हाय मला?" मनकर्णाबाई म्हणाली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. खुर्चीला पाठ होती. त्या दिवशी संघपालने अकरा गुण मिळवले. टाळ्या वाजवणारे हात मी मोजले. दोन. नंतर कडुबामामांचे धरून चार.

एप्रिल २०२२ मध्ये सगळे निर्बंध उठले. मास्क नको, लसीचा कागद नको, क्षमतेची अट नको. हंगाम दोन वर्षांहून जास्त लांबला होता आणि एकच सामना उरला होता. तारीख २४ एप्रिल, वयाची अट संपायच्या सहा दिवस आधी. लीगने कळवलं, की आता प्रेक्षक खरोखर येऊ शकत असल्यामुळे नोंदीवर विसंबता येणार नाही. निरीक्षक स्वतः येऊन मोजतील.

काकासाहेबांनी 'कबड्डी आमचा श्वास' ग्रुपवर निमंत्रण टाकलं. प्रवेश मोफत. तिकीट नाही, सही नाही, तापमान नाही. फक्त या. अर्ध्या तासात उत्तरं आली. अंगठे २८७, दंड फुगवलेले हात १४०, ज्वाळा ९६, 'नक्की येणार' ७१. गोकुळशेठनी लांबलचक आवाज-संदेश पाठवला. कडक निर्बंधांतही आपण पहिल्या रांगेत कसे बसलो, ताप असूनही शेवटच्या शिट्टीपर्यंत कसे हललो नाही, त्यासाठी चौदा दिवसांची शिक्षा कशी भोगली. शेवटी त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. आवाज-संदेश सोडून सगळ्या उत्तरांची बेरीज ५९४ होती.

"झालं," काकासाहेब म्हणाले. "ह्या वेळी ढोबळ मोजणी नको. खरे पाचशे येतेत."

संघपालनेही संदेश वाचले. त्या दिवशी तो दोन तास आधी मैदानात आला आणि त्याने ४६ खुर्च्यांच्या पायांवर स्वतः फळ्या ठोकल्या. माणसं उभी राहू नयेत म्हणून.

लीगचे निरीक्षक सत्यम पंचविशीतले होते, पुण्याहून आलेले. त्यांच्या अंगठ्याखाली मोजणीचं छोटं यंत्र होतं. दाराशी उभे राहून ते माणूस आत आला की टक असं दाबत. पहिली टक मनकर्णाबाईची. मग आणखी काही टक झाल्या. मग बराच वेळ काही झालं नाही. पाच वाजता सामना सुरू झाला. संघपाल चढाईला जाताना दर वेळी दाराकडे बघत होता. तरी त्याने चौदा गुण घेतले. शेजारच्या मंगल कार्यालयातून वरातीचा बँड ऐकू येत होता. तिथे गर्दी होती.

सामना संपल्यावर सत्यम यंत्र आणि अर्ज घेऊन कार्यालयात आले. संघपाल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, घामाने ओला. त्याच्यामागे मनकर्णाबाई.

अर्जात प्रेक्षकसंख्येसाठी तीन चौकोन होते. सत्यम यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनात आकडे लिहिले. पहिला रिकामा ठेवून ते सही करायला लागले.

"साहेब," काकासाहेब हळूच म्हणाले. "खाली बारीक अक्षरात लिवलंय. कोणताही चौकोन रिकामा सोडू नये. अर्ज बाद होतो."

सत्यम यांनी वाचलं. खरंच लिहिलं होतं. "मग शून्य लिहितो."

"लिवा की. पन आकड्याच्या आधी शून्य लिवलं काय, नाय लिवलं काय, फरक पडत नाय. सरकारी कागदावर ज्यानं फरक पडत नाय ते कशाला लिवायचं?"

"मग काय लिहू?"

काकासाहेबांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी संघपालकडे पाहिलं. मनकर्णाबाई म्हणाली, "साहेब, चहा घ्या, थंड व्हईल."

सत्यम यांनी चहा घेतला. यंत्राकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी शास्त्राची पदवीधर असल्यामुळे छताकडे पाहिलं. मग त्यांनी पहिल्या चौकोनात एक आकडा लिहिला आणि सही केली. सव्वीस तारखेला संघपालला दहा सामन्यांचं प्रमाणपत्र मिळालं. दोन मेपासून तो सरकारी कार्यालयात आवक-जावक नोंदीच्या टेबलावर आहे.

त्याच आठवड्यात ग्रुपने नवं निवेदन काढलं. 'पडेगावच्या मैदानात आम्हा रसिकांना बसायला जागा पुरत नाही. दहा हजार क्षमतेचं स्टेडियम झालंच पाहिजे.' पहिली सही गोकुळशेठची. निवेदन अजून फिरतं आहे. तुमच्याही मोबाइलवर आलं असेल आणि बहुधा तुम्ही सही करून पुढे पाठवलं असेल. तसं असेल, तर काळजी करू नका. तुमचं तापमान मी काढून ठेवलं आहे, ९७.८.

निवेदनावर आजवर १,८६४ सह्या झाल्या आहेत. २४ एप्रिलच्या सामन्याची माझी मोजणी पुढीलप्रमाणे: खेळाडूंचे नातेवाईक ११, राखीव खेळाडूंचे मित्र ५, शेंगदाणे विकणारे ३, मंगल कार्यालयाचा रस्ता चुकलेले २, कडुबामामा १, मी १. निवेदनावर सही केलेले ०. एकूण २३. दुसऱ्यांदा मोजले. २३.